कंसातला गोंगाट

ते वाक्य पहिल्यांदा माझ्या वहीत आलं, तेव्हा सभागृहात मासेमारीवर उत्तर चाललं होतं.

मी सभागृहातली प्रतिवेदक. आत जे बोललं जातं ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि खोलीत येऊन साध्या लिपीत टाइप करायचं, एवढंच माझं काम. अध्यक्षांच्या आसनाखाली एक लांबट टेबल असतं, तिथे आम्ही बसतो. दर पाच मिनिटांनी एक उठतो, दुसरा बसतो. उठताना खुर्ची वाजवायची नाही आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, नजर वहीवर. एकवीस वर्षं झाली. घरी सकाळी देवापाशी दिवा लावेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. त्या वेळात सहा पेन्सिलींना टोक काढते, एकेका पेन्सिलीला एकेकदा नाव घेते, आणि शेवटी एकच मागते, की आज या हातून खोटं लिहिलं जाऊ नये.

त्या दिवशी माझी पाळी अकरा वीसला होती. मंत्री उभे होते. एक सहकारी आजारी आणि दुसरा रुसून बसलेला, त्यामुळे त्या अधिवेशनात त्यांच्या एकट्याच्या गळ्यात चार खाती पडली होती: मासे, शाळा, रस्ते आणि टपाल. आमच्या खोलीत त्यांचं नाव 'चौपदरी' पडलं होतं. नाव ठेवलं होतं टाचणीने. टाचणी माझ्या नंतरच्या पाळीला बसते. काडीसारखी बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिचंही हे नाव.

मंत्री बर्फाच्या कारखान्यांबद्दल बोलले, होड्यांच्या डिझेलबद्दल बोलले. मी लिहीत होते. आमच्या कामात अर्थ कानातून आत येत नाही, तो हातातून परस्पर कागदावर जातो. खोलीत येऊन टाइप करायला घेतलं, तेव्हा मला कळलं मी काय लिहिलंय.

"बर्फाच्या कारखान्यांना वीजदरात सवलत देण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. त्या दाराला कुलूप लावा असं मीच सांगितलं होतं. धन्यवाद."

माझे हात टंकयंत्रावर तसेच राहिले. मग कानाला यंत्र लावून मी रेकॉर्डिंग ऐकलं. "विचाराधीन आहे." मग दोन श्वासांएवढी शांतता, कुणीतरी खोकलं, आणि "धन्यवाद." मधे काही नव्हतं. चारदा ऐकलं. ते वाक्य गाळून मी पान पुढे दिलं.

तीन दिवसांनी शाळांचा प्रश्न होता. शाळा सुरू होऊन सहा आठवडे झाले तरी पाचवीच्या मुलांना पुस्तकं का नाहीत? मंत्री म्हणाले, कागदाच्या निविदेला उशीर झाला, पुस्तकं महिनाअखेर पोचतील. आणि माझ्या वहीत महिनाअखेरीच्या पुढे तेच वाक्य, तसंच, अक्षरही न थरथरता लिहिलेलं. रेकॉर्डिंगमध्ये दोन श्वास शांतता.

त्यानंतर रस्ते. जुन्या पुलाचे कठडे, खडीचे ढीग, ठेकेदाराला बजावलेली नोटीस. तेच वाक्य.

"ताई, चेहरा का असा पांढराफटक?" टाचणी म्हणाली. "एकवेळ जेवायचं व्रत आता अर्ध्या वेळेवर आणलंत की काय?"

"अगं, मघाशी चौपदरींचं शेवटचं वाक्य तू ऐकलंस का? तू माझ्या मागेच उभी होतीस."

"ठेकेदाराची नोटीस ना? ती नोटीस मी पाच वर्षं ऐकतेय. ठेकेदाराने आता ती चौकटीत लावली असेल."

"त्याच्या पुढचं."

"पुढे कुठे काय होतं? बसले की ते." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि थट्टा तिथेच सोडून दिली. "ताई, बरं नाहीये का?"

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. कुणाचं काहीही बिघडलं तरी ते ह्यांना नजरेतच दिसतं. ह्यांनी माझा उजवा हात उजेडाला धरला, उलटापालटा केला.

"हाताला नंबर लागल्याचं मी अजून ऐकलं नाही," हे म्हणाले. आणि मग हात न सोडताच विचारलं, "कुठलं दार गं ते?"

मी म्हटलं, माहीत नाही. दिव्यासमोर पेन्सिलीला टोक काढणाऱ्या बाईने नवऱ्याला खोटं सांगितलं.

माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी याच मंत्र्यांकडे वसतिगृहांचं खातं होतं. परिचारिकांच्या एका सरकारी वसतिगृहाला भर दुपारी आग लागली. रात्रपाळी करून आलेल्या मुली खोल्यांमध्ये झोपल्या होत्या. पुढचा जिना धुराने भरला. मागच्या जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. सात जणी त्या दाराशी सापडल्या.

कुलूप लावलं होतं पहारेकऱ्याने. तो सुरुवातीपासून म्हणत होता, की आगीच्या आधी पंधरा दिवस मंत्री पाहणीला आले होते, मागचं दार उघडं बघून चिडले आणि जाता जाता म्हणाले, याला कुलूप लावा. पण कागद नव्हता. खात्याने सांगितलं, असा कुठलाही आदेश नाही. पहारेकरी तुरुंगात गेला आणि खटला उभा राहिला.

त्या आठवड्यात मंत्र्यांनी सभागृहात निवेदन केलं. ते चालू असताना विरोधी बाकांवरून कागद उडाले, माणसं मधल्या मोकळ्या जागेत धावली, अध्यक्षांनी सगळ्यांचे माइक बंद केले. मी टेबलाशी होते, मंत्र्यांपासून चार हातांवर. त्या आरडाओरड्यात ते कुणाकडेही न बघता, आपण काय बोलतोय हे स्वतःलाच कळत नसल्यासारखे ते वाक्य बोलले. माझ्या हाताने ते टिपलं.

माइक बंद असताना कानावर आलेल्या शब्दांखाली आम्ही नागमोडी रेघ ओढतो आणि वही आमच्या हेडसाहेबांना दाखवतो. ठेवायचं की गाळायचं, ते हेड ठरवतात. प्रतिवेदकाने ठरवायचं नसतं. मी रेघ ओढली नाही. वही दाखवली नाही. त्या वाक्याच्या जागी, अशा वेळी आम्ही हजारदा टाकतो तसा, एक कंस टाइप केला: (गोंगाट).

का, ते मी दोन वर्षं देवाला वेगवेगळं सांगत आले. कधी म्हटलं दमले होते, कधी म्हटलं नीट ऐकूच आलं नाही. खरं एवढंच, की मला त्या माणसाच्या चेहऱ्याची दया आली. खोटं काही लिहिलं नाही ना, असं मी स्वतःला समजावलं. कंस तर खराच होता. गोंगाट तर झालाच होता.

या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी पहारेकऱ्याची बायको आली. कामकाजाच्या प्रती मिळण्याची एक खिडकी आमच्याच मजल्यावर आहे. तिथून तिने त्या निवेदनाचं पान घेतलं आणि व्हरांड्यात मला गाठलं. पानाखाली माझी आद्याक्षरं असतात, ती कुणाची हे तिने खिडकीवर विचारून घेतलं होतं. हातात कापडी पिशवी, पायात पुरुषी चपला. नवऱ्याच्या असाव्यात.

"ताई, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"मग या कंसात काय होतं?"

"गोंगाट होता."

"ते वाचता येतं मला." तिचा आवाज चढला नाही. "पण गोंगाटात माणसं काहीतरी बोलतच असतात की नाही? नुसतं ओ ओ तर करत नाहीत. आमचे हे म्हणतात, साहेब वाईट नाही, साहेबाच्या तोंडून एकदा तरी निघालंच असेल. येड्यासारखी आशा आहे त्यांना. महिनाअखेर निकाल आहे. वकील म्हणतो, सात वर्षं धरून चला."

मी म्हटलं, "माइक बंद होते."

"तुमचे कान पण?"

दुसऱ्या दिवशी मासेमारीचं उत्तर होतं.

रस्त्यांच्या उत्तरानंतर मी जुन्या वह्यांच्या खोलीत गेले. आमच्या वह्या दोन वर्षं ठेवतात, मग लगद्याच्या कारखान्यात पाठवतात. कपाटावर महिन्यांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या महिन्याची चिठ्ठी होती, खाली फळी रिकामी. धुळीत वह्यांचे चौकोन तेवढे उमटले होते.

"मागच्याच आठवड्यात गाडी आली होती," तिथला शिपाई म्हणाला. "काही राहिलं का तुमचं?"

"हो," मी म्हटलं.

मग एक परीक्षा करून पाहिली. टपालाच्या प्रश्नाच्या दिवशी टाचणीशी पाळी बदलून घेतली आणि मी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. एकवीस वर्षांत मी सभागृह वरून पाहिलं नव्हतं आणि, त्या निवेदनाचा दिवस सोडला तर, मंत्र्यांचं तोंडही समोरून पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेत पहारेकऱ्याची बायको होती. पिशवी मांडीवर. नंतर कळलं की ती रोज येत होती, त्याच खुर्चीवर बसत होती, विषय कुठलाही असो.

मंत्री बोलत होते. आडबाजूची अठ्ठावीस टपाल कार्यालयं बंद होणार नाहीत, त्यांची वेळ फक्त कमी होईल. "...आणि एकाही गावाची गैरसोय होणार नाही, असं मी सभागृहाला आश्वासन देतो." ते थांबले. मान वर करून त्यांनी सज्जाकडे पाहिलं. पुढच्या रांगेकडे. त्यांचे ओठ मिटलेले होते, अगदी घट्ट मिटलेले. दोन श्वास. मग "धन्यवाद."

माझ्या मांडीवर साधी वही होती, घरचा हिशोब लिहितो तसली. खाली पाहिलं, तर तिच्यावर लघुलिपीत ते वाक्य होतं.

टाचणीच्या वहीत नव्हतं. पण माझी पाळी साडेतीनला पुन्हा होती, टपालावरच्या पुरवणी प्रश्नांना. पुरवणी उत्तर संपलं, मंत्री थांबले, आणि माझ्या हाताने लिहिलं. या वेळी मी हाताला विचारलं नाही. खोलीत येऊन पान टाइप केलं आणि ते वाक्य त्याच्या जागी ठेवलं. वहीत त्याच्या खाली नागमोडी रेघ ओढली. दोन वर्षं उशिरा. आणि पान न् वही घेऊन हेडसाहेबांसमोर उभी राहिले.

हेडसाहेब निवृत्तीला आले आहेत. दोन चष्मे आलटून पालटून लावतात, दोन्ही आमच्याच दुकानातले. त्यांनी पान वाचलं, चष्मा बदलला, परत वाचलं.

"रेकॉर्डिंग ऐकलंस?"

"ऐकलं. त्यात नाही."

"वहीत आहे?"

"आहे."

"मग मी काय करू म्हणतेस?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कंसाचंही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "एकवीस वर्षांत तुझ्या वहीला मी कधी हरकत घेतली नाही. कंस टाकलास तेव्हा घ्यायला हवी होती. तेव्हा मीही तिथेच होतो, वहीवर मान घालून." त्यांनी पानावर सही केली. "जाऊ दे मंत्र्यांकडे, नियमाप्रमाणे. ते खोडतीलच. पण खोडायचं असेल तर त्यांच्या हाताने खोडू दे. तुझ्या नको."

आमचा नियम असा: प्रत्येक भाषणाची कच्ची प्रत त्याच संध्याकाळी बोलणाऱ्याकडे जाते. काही चुकलं असेल तर त्याने दुरुस्त करून सहीनिशी दुसऱ्या दिवशी अकराच्या आत परत पाठवायचं. अकराच्या आत नाही आली, तर जशी आहे तशी पक्की. मंत्र्यांच्या कचेरीकडून शाळा आणि रस्त्यांच्या प्रती कधी परतही आल्या नव्हत्या, तिथे कुणी वाचतच नसावं.

ही वाचली गेली. सहा वाजायच्या सुमारास खोलीत मी आणि टाचणीच होतो. ती पर्स आवरत होती. दारात मंत्री उभे राहिले. बरोबर कुणी नाही, हातात आमचा लिफाफा. टाचणीने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच बाहेर गेली. जाताना दार मात्र सताड उघडं ठेवून गेली.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो साहेब."

ते समोरच्या खुर्चीवर बसले. लांबून मोठे वाटतात, जवळून बघितलं तर शर्टाची कॉलर मानेला सैल झालेली. "मी आज हे बोललो नाही. रेकॉर्डिंग मागवून ऐकलं मी."

"मीही ऐकलं."

"मग कुठून आलं?"

"मला ठाऊक नाही साहेब. आज पहिल्यांदा नाही आलं. माशांच्या दिवशी आलं, पुस्तकांच्या दिवशी आलं, पुलाच्या दिवशी आलं. मी गाळत गेले."

त्यांनी लिफाफा टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला, तो उडून जाईल तसा. बाहेर व्हरांड्यात झाडणाऱ्या बाईचा झाडू वाजत होता. तो थांबेपर्यंत ते दाराकडे बघत राहिले.

"प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणतो मी ते," ते म्हणाले. "मनात. एवढं म्हणायचं आणि मग धन्यवाद म्हणून खाली बसायचं. नाही म्हटलं तर गुडघे वाकत नाहीत. माझ्या बायकोला ठाऊक नाही. कुणालाच नाही."

"मनातलं मला लिहिता येत नाही साहेब."

"येतं, असं दिसतंय."

खोली एकदम गार वाटली. मी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"ती बाई वर बसते," ते म्हणाले. "पुढच्या रांगेत. तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या असतात. मी मोजल्या. सात." मग घाईने, "रिकाम्याच असतात. तशा पुष्कळ खुर्च्या रिकाम्या असतात."

सज्जात बसले होते, तेव्हा त्या सात खुर्च्या मीही पाहिल्या होत्या. गर्दी असूनही लोक मागे उभे होते, तिथे कुणी बसलं नव्हतं.

"पूर्वी एकदा तोंडाने म्हणालो होतो," मंत्री हळू बोलले. "निवेदनाच्या दिवशी. त्या संध्याकाळी घरी प्रत यायची वाट बघितली. वाटलं, आता छापून येईल आणि सुटेन. प्रत आली. तिथे कंस होता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचवलंत मला. असंच समजायचं ना?"

"मी वाचवलं नाही साहेब. मी दार लावून घेतलं."

हे मी ठरवून बोलले नव्हते. त्यांनी लिफाफा उचलला, खिशात पेन आहे का चाचपून बघितलं आणि गेले. जाताना म्हणाले, "अकरापर्यंत ना?"

"अकरापर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्सिलींना टोक काढताना एक मोडली. पाच वेळा नाव घेतलं आणि सहाव्यांदा नुसतीच बसून राहिले. ह्यांनी दिव्यात तेल घातलं. माझं मौन होतं, म्हणून हेही काही बोलले नाहीत. दाराशी चपला तेवढ्या सरळ करून ठेवल्या.

खोलीत भिंतीवर घड्याळ आहे. टाचणीने त्याच्याकडे पाठ करून खुर्ची ठेवली आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत राहिली.

"नाही आली तर पक्की ना, ताई?"

"पक्की."

"मग नाहीच येऊ दे."

पण मला ती यायला हवी होती. नाही आली तर ते वाक्य माझ्या एकटीच्या हाताचं राहणार होतं. उद्या कुणीही म्हणेल, बाई व्रतंवैकल्यं करते, उपाशीपोटी भ्रम झाला असेल. पहारेकऱ्याचा वकील ते घेऊन कुठे जाईल?

दहा पन्नासला मंत्र्यांचा शिपाई आला. लिफाफा दिला, वहीत पोच घेतली, गेला. मला तो फोडता येईना. हेडसाहेबांनी फोडला.

पहिल्या पानावर एकच दुरुस्ती होती. टपाल कार्यालयं अठ्ठावीस नव्हे, एकोणतीस. समासात बारीक, सुबक अक्षर.

दुसरं पान. मला वाटलं होतं, आडवी रेघ असेल. रेघ नव्हती. 'त्या दाराला' या शब्दांवर बाण काढून समासात लिहिलं होतं, टपाल कार्यालयांच्या आकड्याएवढंच सुबक: "'परिचारिका वसतिगृहाच्या मागच्या जिन्याच्या दाराला' असे वाचावे." खाली तारीख, पाहणीच्या दिवसाची. त्याखाली सही.

हेडसाहेबांनी दुसरा चष्मा लावला. मग शिक्का माझ्यासमोर सरकवला. "मार. अकराला दोन कमी आहेत."

मी शिक्का मारला. हात अगदी स्थिर होता.

अकराला सभागृह भरलं. टेबलाशी पहिली पाळी माझी. रस्त्यांचा उरलेला प्रश्न होता आणि मंत्री उभे राहिले. खडी, कठडे, नोटीस. उत्तर संपलं. ते थांबले. माझी पेन्सिल कागदाला टेकून राहिली. दोन श्वास, तीन. तिने काही लिहिलं नाही. मग ते "धन्यवाद" म्हणाले नाहीत. तसेच खाली बसले, बसताना बाकाला दोन्ही हातांनी धरून. तो शब्द म्हणायचं ते पहिल्यांदाच विसरले होते. मी वर पाहायचं नसतं, म्हणून पाहिलं नाही. पण सज्जात खुर्च्यांचा आवाज झाला. एकापाठोपाठ एक, खुर्ची वाजू न देता उठता येत नाही अशा माणसांचा. मी मोजला. सात.

दुपारी प्रतींच्या खिडकीपाशी पहारेकऱ्याची बायको आली. पान मीच तिच्या हातात दिलं. तिने ते तिथेच उभ्याने वाचलं, बोट ठेवून, आधी छापलेलं आणि मग समासातलं. तिचं बोट सहीवर थांबलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने पिशवीतून जुनं पान काढलं, घड्यांवर झिजलेलं, आणि दोन्ही शेजारी धरली.

"हे झालं साहेबाचं," ती म्हणाली. "आणि हा गोंगाट?"

"तो माझा आहे," मी म्हटलं. "कोर्टाची पुढची तारीख कधी आहे?"

"गुरुवारी. साडेदहाला."

"मी येईन. तुमच्या वकिलाला सांगा, कंसात काय होतं ते सांगायला प्रतिवेदक येतेय."

तिने दोन्ही पानांची एकत्र घडी घातली. जाताना जिन्याकडचं दार वाऱ्याने लागत होतं, ते तिने हाताने अडवलं, खालची वीट पायाने सरकवून त्याला टेकवली आणि उतरून गेली. नवऱ्याच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत होता. त्याच्यामागे आणखी पावलं होती की जिन्याचा पडसाद होता, ते मी लिहिलं नाही. ते मला नीट ऐकू आलं नव्हतं.